न दिलेली वर्षं

शांताबाईंनी नोकरी सोडली त्याला वर्ष होत आलं होतं, तरी सगळं गोत अजून त्यांना फोनवर "आता बरं वाटतंय ना?" असं विचारायचं. सुरुवातीला शांताबाईंनी समजावून सांगितलं, की मला काही झालेलं नाही, मला कुणी काढलेलं नाही, माझं कुणाशी भांडणही झालेलं नाही. मेंटल हॉस्पिटलच्या नर्सला पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन घेऊन घरी जाता येतं, तसा नियमच आहे, आणि मी गेले. समोरचा माणूस "हो का, हो का" म्हणायचा आणि फोन ठेवताना आवाज खाली आणून म्हणायचा, "काळजी घे हं." मग त्यांनी समजावणं सोडून दिलं. लोकांना काळजी करायची हौसच असेल तर करोत बापडे.

काळजी करण्यात सगळ्यांच्या पुढे होता धाकटा भाऊ शशी. शशिकांत गजभिये, इंग्लंडात ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर. शांताबाईंनी नाइट ड्यूट्या करून त्याला नागपुरात शिकवला, मग विलायतेला आणला, आणि तो चांगला निघाला याचा त्यांना अभिमानही होता. पण धडधाकट बाई घरी बसते म्हणजे काय, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. नाताळात त्यानं एक बेत काढला. ब्रॅकनेलच्या बाहेर एक जुनं मोठं घर विकायला आलंय, ते घ्यायचं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी नर्सिंग होम काढायचं. ताईनं आपलं लंडनमधलं इल्फर्डचं घर विकून भांडवल घालायचं, आणि मेट्रन होऊन तिथंच वरच्या मजल्यावर राहायचं. शांताबाई तेव्हाच म्हणाल्या, "नको रे बाबा." पण पंगतीत कुणी "नको" म्हटलं तरी वाढपी वाढतोच आणि खाणाराही खातो. शशीनं ताईचं "नको" त्या हिशेबात धरलं.

आणि आज आईचा पहिला स्मृतिदिन होता. मार्चातला रविवार, एकोणीसशे ब्याण्णव साल. शांताबाई पहाटेपासून स्वयंपाकघरात होत्या आणि मजेत होत्या. तीस वर्षं गजराच्या घड्याळानं उठवलेल्या बाईला आपल्या मनानं पहाटे उठण्यात किती सुख असतं, हे उठवलं गेल्याशिवाय कळायचं नाही. पाटवडीचा रस्सा उकळत होता, खीर उतरवून ठेवली होती, आणि भज्यांसाठी त्या लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची जाड लांब पात, चिरत होत्या.

"लीकची भजी?" दारातून अलका म्हणाली. शशीची बायको. कोट अजून अंगावर होता. "ताई, मी यांना म्हणत होते, वेम्बलीचा केटरर आहे, घरपोच आणून देतो. तुम्ही कशाला एवढं..."

"कांदा विकत घ्यावा लागतो, लीक आमचे आहेत. अलॉटमेंटवरचे." कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, नाममात्र भाड्यानं दिलेला तो जमिनीचा तुकडा म्हणजे शांताबाईंच्या नवऱ्याची जहागीर होती. "पालकसुद्धा आपलाच. जाताना घेऊन जा."

अलकानं कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि न सांगता पीठ कालवायला घेतलं. बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या बँकेच्या, ब्रँचमध्ये दिवसभर काउंटरवर बसणारी, घरी येऊन सासऱ्यांचं पथ्य, मुलीचं कॉलेज आणि नवऱ्याची चिडचिड सांभाळणारी बाई. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शांताबाईंना ते लगेच दिसलं, कारण अशी काळी वर्तुळं त्यांनी स्वतःच्या तोंडावर बरीच वर्षं पाहिली होती.

"पण ताई, खरं सांगा, दिवस जातो का हो तुमचा?"

"जातो की. संध्याकाळपर्यंत सगळा जातो."

अलका हसली नाही. पीठ कालवत म्हणाली, "चला, आज एकदाचं सगळं मार्गी लागलं म्हणजे यांच्याही जिवाला शांतता."

"काय मार्गी लागणार आहे?"

अलकाचा हात थांबला. "यांनी... तुम्हाला विचारलंय ना? म्हणजे, हे म्हणाले, ताईशी बोलणं झालंय. आज वंदना झाली की हे आईंच्या नावानं दान जाहीर करणार आहेत. भीमाबाई नर्सिंग होम. घर तुमचं, मेट्रन तुम्ही."

शांताबाईंनी सुरी खाली ठेवली.

गजभिये घराण्यात दानाची गोष्ट साधी नव्हती. स्मृतिदिनाला त्रिशरण-पंचशील झालं की नात्यातला एकेक जण उठायचा आणि गेलेल्या माणसाच्या नावानं काय देणार ते सांगायचा. कुणी विहाराला सतरंजी, कुणी मुलांना वह्या. मग जमलेले सगळे तीनदा "साधू" म्हणायचे. तीन साधू झाले की शब्द पक्का झाला. शांताबाईंच्या वडिलांनी, दादासाहेबांनी, एकदा अख्खा पगार असा बोलून टाकला होता, घरात जोंधळ्याचं पीठ संपलेलं असताना, आणि तो दिलाही होता. तो महिना पोरांनी कसा काढला ते भीमाबाईंना विचारायला हवं होतं, पण त्यांना कधी कुणी काही विचारलंच नाही. त्या घरात तीन साधूंनंतर कुणी शब्द मागे घेतल्याचं शांताबाईंच्या ऐकिवात नव्हतं, आणि शशीला ते चांगलं ठाऊक होतं.

"हुशार आहे माझा भाऊ," त्या म्हणाल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या.

बाहेर पद्माकर शेजारच्या बाईंच्या कुंपणावरून खुर्च्या उतरवून घेत होते. हे शांताबाईंचे यजमान. कौन्सिलच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. तिथं माणसं कमी करायची निघाली तेव्हा साहेबानं नाव विचारायच्या आत यांनी हात वर केला होता. शांताबाईंनी सगळं सांगितलं. पद्माकरांनी खुर्ची टेकवली आणि डोकं खाजवलं. त्या डोक्याचे केस शांताबाईंनीच गुरुवारी कापले होते आणि एका बाजूला जरा जास्त गेले होते.

"मी बोलू का शशीशी?"

"नको. तुम्ही बोललात की भाऊजींनी अडवलं असं होईल. माझं मला बोलू द्या."

"मग बोल की. घाबरतेस कशाला? शशीला घाबरतेस?"

"शशीला कसली घाबरते! दादांना."

दादासाहेब म्हणाले नर्स हो, शांता नर्स झाली. म्हणाले विलायतेला जा, गेली. म्हणाले शशीला बोलावून घे, घेतलं. त्यांच्या शब्दाला शांतानं उभ्या जन्मात नाही म्हटलेलं नव्हतं. आज शशीनं दान बोलून दाखवलं आणि दादासाहेब नुसते "हो म्हण" एवढं म्हणाले, की हे घर जाणार होतं, परसातला हा उन्हाचा तुकडा जाणार होता, आणि तीस वर्षं वाट पाहून मिळालेल्या सकाळी जाणार होत्या. परत घंटा, परत औषधांची गाडी, परत अर्ध्या रात्री "सिस्टर, सिस्टर".

शांताबाई सुखी होत्या. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण होत्या. दोघांचं मिळून उत्पन्न शशीच्या गाडीच्या हप्त्यांपुढे लाजेल एवढं होतं. त्यांनी स्वतःची गाडी विकून टाकली होती. संध्याकाळी इल्फर्ड लेनवर दुकानं आवरायच्या वेळी जाऊन त्या भाजी घ्यायच्या, पेपर लायब्ररीत वाचायच्या. मनात आलं तर दोघं डबा घेऊन लंडनच्या म्युझियममध्ये जायचे, फुकटात, आणि एखाद्या बाकावर बसून तासन् तास एकच चित्र बघायचे. पद्माकर घरी येऊन आठवणीतून ते काढायचे आणि हमखास बिघडवायचे. भांडायला वेळ होता, समजूत काढायलाही वेळ होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपला नवरा विनोदी आहे हे त्यांना या वर्षी नव्यानं कळलं होतं.

"शांता," पद्माकर म्हणाले, "तू हो म्हणालीस तरी मी येईन बरं का वरच्या मजल्यावर. कुरकुरत येईन, पण येईन. तेवढ्यासाठी घाबरू नको."

"तुमची कुरकूर ऐकण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं," शांताबाई म्हणाल्या, आणि त्यांना जरा बळ आलं.

दुपारपर्यंत पुढची खोली भरली. तिथल्या बौद्ध मंडळाची वीसेक माणसं आली होती. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली पांढऱ्या कापडावर भीमाबाईंचा फोटो, मेणबत्त्या, आणि परसातले पिवळे डॅफोडिल. दादासाहेब भिंतीशी खुर्चीत ताठ बसले होते, ऐंशीच्या घरातला माणूस, कोट-टाय, हातात काठी. शशीची मुलगी शिल्पा त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली होती. मंडळाचे अध्यक्ष भीमराव मेश्राम यांनी वंदना सांगितली, सगळ्यांनी मागून म्हटली. पाच शीलं झाली. दादासाहेबांचा आवाज सगळ्यांत शेवटी थांबला.

मग दान. पद्माकर उठले आणि विहाराच्या कपाटाला पुस्तकं देणार म्हणाले. साधू, साधू, साधू. नागपूरकडच्या एका बाईंनी समया सांगितल्या. साधू, साधू, साधू. आणि मग शशी उठला. नवा सूट, हातात कागद नाही, सगळं पाठ.

"माझ्या आईचं सगळं आयुष्य सेवेत गेलं," त्यानं सुरुवात केली. आवाज चांगला लावला होता. "तिचं स्मारक दगडाचं नको, सेवेचंच पाहिजे. म्हणून आज मला जाहीर करायला फार आनंद होतो, की ब्रॅकनेलजवळ आपण भीमाबाई नर्सिंग होम सुरू करतोय. आपल्या समाजाचं इंग्लंडमधलं पहिलं. आणि माझ्या ताईनं मोठ्या मनानं स्वतःचं घर आणि स्वतःचा अनुभव या कामाला दिलाय. ती आपली मेट्रन असेल."

लोकांच्या माना वळल्या, चेहरे फुलले. कुणीतरी "वा, शांताताई" म्हणालं.

"साधू!" खोली दुमदुमली. "साधू!"

"थांबा," शांताबाई म्हणाल्या.

तिसरा साधू लोकांच्या तोंडातच राहिला. शांताबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघा कटकन वाजला, आणि तो आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू गेला.

"मी काही दिलेलं नाही."

"ताई, नॉट नाऊ," शशी हसू न ढळू देता म्हणाला. "प्लीज. आपण नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? आत्ताच चौथं शील घेतलं, खोटं बोलणार नाही म्हणून. मी आता गप्प बसले तर माझं ते मोडेल. आणि तुझं दुसरं मोडलंय, शशी. दुसरं काय आहे, सांग बरं?"

शशीनं टाय सारखा केला.

"जे दिलेलं नाही ते घेणार नाही. लहानपणी मीच पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून. घर माझं आणि यांचं आहे. माझी उरलेली वर्षं माझी आहेत. मी ती तुला दिलेली नाहीत. तू मला न विचारता उचललीस आणि आईच्या फोटोपुढं ठेवलीस."

भीमराव मेश्राम घसा साफ करत म्हणाले, "शांताताई, हे घरगुती आहे. आपण जेवणानंतर, शांतपणे..."

"भीमरावजी, दान जाहीर झालं ना? मग नकारही जाहीर होऊ द्या."

शशीचं हसू गेलं. मानेपर्यंत लाल झाला तो. "ठीक आहे. मग सगळंच जाहीर बोलू. लोक विचारतात मला, तुझी सिस्टर काय करते? काय सांगू मी? पालक लावते?"

"सांग की. चांगला येतो पालक."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"चेष्टा नको करू ताई! आपली माणसं आहेत ही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कुणी काही होऊ दिलं नाही. दादासाहेब गिरणीत राबले, आपल्याला शिकवलं. कशासाठी? वॉर्ड सिस्टर झालेली बाई, अजून दहा वर्षं करता येतील एवढी ताकद अंगात, आणि ती बसून राहणार? लायब्ररीत पेपर वाचणार? ही चैन आहे, ताई. आपल्याला शोभत नाही."

खोलीत दोघा-तिघांनी मान हलवली. शांताबाईंना ते दिसलं आणि लागलंही. पण त्यांना आता रागही आला होता, आणि तो राग जुना होता. शशीपेक्षा जुना.

"पिढ्यान् पिढ्या आपण राबलोच रे," त्या म्हणाल्या. "राबण्याचं काय नवल आपल्यात? बसलेलं कुणी पाहिलंस का आपल्यात कधी? आईला पाहिलंस? नागपुरात गोवऱ्या थापल्या, इथं आली तर तुझी पोरगी सांभाळली, तुझे शर्ट इस्त्री केले. गेली त्या दिवशीही इस्त्री गरम होती, विसरलास? मला दर वेळी म्हणायची, शांते, एक दिवस निवांत बसीन. बसली का? त्या आईच्या नावानं तू अजून एका बाईला कामाला लावतोस, आणि वर त्याला स्मारक म्हणतोस?"

"आत्या बरोबर आहे," खालून आवाज आला. शिल्पा. इंग्लंडात जन्मलेली पोर, मराठी बोलताना अडखळायची, पण आज थांबली नाही. "आजी मला बोलायचा, माझा पाय खूप दुखते. पण तुझा पप्पाला सांगू नको. आय नेव्हर टोल्ड यू, डॅड. आजीनं प्रॉमिस घेतला होता."

शशीनं मुलीकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अलका म्हणाली, "अहो, आता खरं ते सांगून टाका ना."

"अलका, तू मध्ये पडू नको."

"मग मी सांगते." तिच्या बोटांना पीठ तसंच होतं. "यांच्या कंपनीत उन्हाळ्यात अख्खं डिपार्टमेंट बंद होतंय. यांना रोज रात्री झोप नाही. नर्सिंग होम काढलं की निदान 'डायरेक्टर' म्हणून सांगता येईल लोकांना. ताई, मला वाटलं तुम्हाला सगळं सांगून, विचारून चाललंय. मला यांनी तसंच सांगितलं होतं. तसं नसेल तर मी यात नाही."

शशी खाली बसला. खुर्ची मागे आहे की नाही हेही त्यानं पाहिलं नाही, पद्माकरांनीच पटकन सरकवली. सूटमधला तो मोठा माणूस एकाएकी शांताबाईंना नागपूरच्या घरातला दिसायला लागला, परीक्षेत नापास होऊन कोपऱ्यात बसलेला, ताई आता दादांना काय सांगते याची वाट पाहणारा. घे रे घर, मी आहे ना, हे शब्द अगदी ओठांवर आले. आयुष्यभर हेच शब्द त्यांनी म्हटले होते आणि त्यांची सवय जिभेला होती.

नेमक्या त्या क्षणी दादासाहेबांनी काठी जमिनीवर टेकवली.

"शांते," ते म्हणाले. सगळी खोली त्यांच्याकडे वळली. "पोरगा अडचणीत हाये. माय तं गेली. आता तूच हायेस त्याले. हो म्हन."

पद्माकर शांताबाईंकडे बघत होते. अलका बघत होती. भीमाबाई फोटोतून बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून जन्मभर कुणाला काही कळलं नव्हतं, आजही कळेना.

"नाही, दादा."

आवाज लहान निघाला. म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, नीट.

"नाही. शशीची नोकरी गेली तर त्यानं इथं यावं. राहावं, जेवावं, महिने काढावेत, माझ्या घरात त्याला कधी कमी पडणार नाही. थोड्यात कसं भागवायचं ते आम्ही दोघं शिकवू त्याला, त्यात मरायला होत नाही. पण घर विकणार नाही. आणि मी परत कामावर जाणार नाही. आईच्या नावानं माझं दान ऐका. तिला जे निवांत बसायचं होतं, ते मी बसणार आहे. तिच्या वाटचंही मीच बसणार आहे."

मंडळाची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. असल्या दानाला काय म्हणायचं ते कुणाला माहीत नव्हतं. भीमरावांनी दादासाहेबांकडे पाहिलं, दादासाहेब काठीच्या मुठीकडे पाहत होते.

"साधू," अलका म्हणाली.

एकटीच. मग शिल्पानं म्हटलं. मग मागच्या रांगेतल्या, समया देणाऱ्या बाईंनी. तीन साधू झाले, वेगवेगळ्या तोंडांनी, ओढूनताणून, पण झाले. त्यांत दादासाहेबांचा नव्हता.

जेवणं झाली, कारण जेवणं होतातच. पाटवडीची तारीफ झाली, लीकच्या भज्यांना कांद्याची सर नाही असं दोघांनी सांगितलं आणि सगळी संपवली. शशी जेवायला आत आला नाही. पद्माकर ताट घेऊन त्याच्याकडे परसात गेले. खिडकीतून शांताबाईंना दोघं शेडपाशी उभे दिसले. मग पद्माकर काहीतरी म्हणाले, शशीनं डोळे पुसले आणि उभ्याउभ्याच खायला लागला. काय बोललात म्हणून शांताबाईंनी नंतर विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. ज्या दिवशी मी शेवटचा ऑफिसातून निघालो, त्या दिवशी बसस्टॉपवर रडलो होतो, ते सांगितलं." शांताबाईंना हे आजवर माहीत नव्हतं.

निघायची वेळ झाली. शशी आणि शिल्पा गाडी आणायला गेले. अलका डब्यांत पालक भरत होती. जाताना तिनं शांताबाईंचा हात घट्ट दाबला आणि हळूच म्हणाली, "एखाद्या शनिवारी येऊ का? एकटीच. काही करायला नाही, नुसती." "ये," शांताबाई म्हणाल्या, "झोपायलाच ये."

दादासाहेब पॅसेजमध्ये खुर्चीवर बसले होते. शांताबाई खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. त्यांना वडिलांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हातारा माणूस, आज आहे उद्या नाही, आणि आपण वीस माणसांदेखत त्यांचा शब्द खाली पाडला. डोळ्यांतून पाणी बुटावर पडलं. पण त्यांनी मनात चाचपून पाहिलं, आणि "हो म्हणायला हवं होतं" असं कुठंही वाटत नव्हतं.

"काऊन रडतं वं?" दादासाहेब म्हणाले.

"तुम्हाला दुखवलं म्हणून."

"हं." त्यांनी ते नाकारलं नाही. मग म्हणाले, "एक सांग मले. दिवसभर काय करतं तू?"

हा प्रश्न वर्षभर सगळ्यांनी विचारला होता, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. दादासाहेब थांबले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून, कान पुढं करून.

"काय करते? चहा होतो. हे अलॉटमेंटवर जातात, मी कधी जाते, कधी नाही. लायब्ररी. दुपारी झोपते." त्यांनी नाडीची गाठ घातली. "आणि सकाळी पोहायला जाते."

"कुठं?"

"कौन्सिलचा स्विमिंग पूल आहे इथं. शिकतेय अजून. माझ्याच वयाच्या बायका असतात."

"गोऱ्या?"

"गोऱ्या, काळ्या, आपल्याकडच्या. सगळ्याच."

"त्याच पान्यात?"

"त्याच पाण्यात, दादा."

दादासाहेब लहान असताना त्यांच्या गावच्या तळ्यावर गावची ढोरं पाण्यात उतरायची आणि त्यांच्या वस्तीतली माणसं काठापासून लांब, कुणी वरून ओतेल म्हणून मडकी घेऊन उभी राहायची. एकदा त्यांनी तळ्यात पाय बुडवला होता आणि त्यासाठी त्यांच्या बापाला चावडीवर मार बसला होता. हे त्यांनी पोरांना एकदाच सांगितलं होतं, तेही शांता पहिली नोकरी लागून घरी आली त्या दिवशी, आणि पुन्हा कधी नाही.

"कोनी बाहेर निघ म्हनत नाई?"

"वेळ संपली की शिट्टी वाजवतात. तेव्हा सगळ्यांनाच निघावं लागतं."

बाहेर शशीनं हॉर्न वाजवला. दादासाहेब हलले नाहीत.

"खोल असते?"

"एका बाजूनं उथळ, एका बाजूनं खोल."

"तू कोन्या बाजूनं जातं?"

"उथळ. भीती वाटते अजून."

दादासाहेबांनी शांताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, भार देऊन उठले, आणि टोपी घालून दाराकडे निघाले. उंबऱ्यावर थांबले, पण वळले नाहीत.

"उद्या खोल बाजूनं जाय," ते म्हणाले. "अन् लवकर निघू नको."